सोनवणेकाकांची तात्पुरती परवानगी

सोनवणेकाकांच्या कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचा व्हिडिओ बघायचा असेल, तर आधी पंधरा मिनिटं चौकशी चालायची. चौकशी व्हिडिओचीच.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या गेटवर काकांनी एकोणतीस वर्षं काढली. शेवटी सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून रिटायर झाले आणि विठ्ठलवाडीला आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. मुलगी प्रज्ञा शिकायला इंग्लंडला गेली, म्हणून घरी कॉम्प्युटर आला. मी तेव्हा उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये कॉम्प्युटर क्लासला शिकवायचे, त्यामुळे त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

चूक माझीच झाली. एकदा सहज बोलून गेले, की आपण साइट उघडली की तिच्याबरोबर छोटे छोटे प्रोग्राम गुपचूप आत येतात. त्यांना स्क्रिप्ट म्हणतात. काही व्हिडिओ चालवतात, काही आपण काय बघतो त्याची नोंद ठेवतात.

काकांनी चष्मा काढला. "म्हणजे न विचारता आत येतात?"

"हो."

"आणि तू हे मला आज सांगतेस?"

त्याच दिवशी त्यांनी माझ्याकडून ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट अडवणारी सोय टाकून घेतली. मग जुन्या सवयीने एक रजिस्टर केलं. आलेल्याचं नाव, कुठून आला, कशासाठी आला. शेवटच्या रकान्यात बहुतेक वेळा "परत पाठवला" असं लिहिलेलं असायचं. ज्याच्यावाचून अडेल त्यालाच "तात्पुरती परवानगी", आणि काम झालं की तीही रद्द.

हाल व्हायचे शांताकाकूंचे. त्यांना विणकामाचे व्हिडिओ बघायचे असायचे. लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन त्या स्क्रीनसमोर बसायच्या.

"अहो, नुसतं गोल गोल फिरतंय."

"फिरू दे. चौकशी चालू आहे."

"बाई टाका कसा घालते एवढंच बघायचंय मला."

"बाई ठीक आहे. तिच्यासोबत अकरा जण आलेत, ते कोण?"

काकूंनी त्या वर्षी एक स्वेटर अर्धाच विणला.

जुलैत प्रज्ञाचा मेल आला. पीएचडीचा पदवीदान समारंभ, विद्यापीठाच्या साइटवर थेट दिसणार, आपल्याकडचे दुपारचे साडेतीन. काकांनी जिन्यातल्या प्रत्येकाला निरोप दिला. माणसांना त्यांच्याकडे कधीच आडकाठी नव्हती. तीनलाच खोली भरली. शेजारच्या कमला आंटी सिंधी पापडांचं ताट घेऊन आल्या. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, पायात मोजेसुद्धा. मी आदल्या दिवशीच साइट तपासून बघितली होती. सगळं ठीक होतं.

साडेतीनला पान उघडलं. मधोमध काळा चौकोन. थेट प्रक्षेपण भलत्याच साइटवरून येत होतं, आणि त्याच्याबरोबर सगळी नवी नावं. काकांनी एकाला आत सोडलं. पान परत उघडलं, आणखी चार नावं आली. काका पेन उघडून लिहायला बसले.

"काका, लिहू नका आता," मी म्हटलं. "आडनावांप्रमाणे बोलावणार आहेत. आपला एस आहे, पण कुठवर आलेत ते कळत नाही."

पावणेचार झाले. मग चार. दोन नावं उरली होती.

"हा व्हिडिओवाला वाटतो," काका म्हणाले. "पण हा दुसरा नुसता पाळत ठेवणारा आहे. ओळखतो मी याला."

व्हिडिओवाल्याला सोडलं. चौकोन काळाच राहिला.

"एंट्री दो ना सबको, भाईसाब," कमला आंटी म्हणाल्या. "बच्ची का नाम निकल जायेगा."

शांताकाकू उठून मागे आल्या. त्यांनी फक्त काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

काकांनी स्क्रीनकडे बघितलं. मग म्हणाले, "एक मिनिट." बाजूला मेल उघडा होता, तो त्यांनी बंद केला. खरंच बंद झाला का ते दोनदा बघितलं. आणि 'सर्वांना परवानगी' दाबलं. मी त्यांना ते दाबताना पहिल्यांदाच बघत होते.

आधी आवाज आला. कुणीतरी नावं वाचत होतं, रॉबर्ट्स, रसेल. खोलीत कुणी पापड मोडेना. मग चित्र आलं, अडकलं, पुन्हा सुटलं. स्मिथ नावाचे ओळीने पाच जण आले. आणि मग त्या माणसाने "सोनावेन" असं काहीतरी म्हटलं, आणि लाल झगा घातलेली आमची प्रज्ञा भराभर चालत स्टेजवर आली. सगळी खोली उभी राहिली. काका तर सॅल्यूट ठोकून उभे. ती सात-आठ सेकंदांत निघूनही गेली, तरी त्यांचा हात खाली येईना.

लोक पांगल्यावर काकांनी एकेकाची परवानगी काढून घेतली. मी हसून विचारलं, "काका, एवढं चोरण्यासारखं आहे तरी काय यात?"

काकांनी स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "प्रज्ञाचे मेल आहेत. पहिल्या वर्षाचे. फार त्रास झाला तिला तिथे. हे कुणाला कळू देऊ नका बाबा, आईला तर नाहीच, असं लिहिलंय तिने." रजिस्टर मिटत म्हणाले, "मग मी काय करणार? जमेल तेवढं बंद करत गेलो."

मी निघाले तेव्हा काकू जिन्यापर्यंत आल्या.

"मेलचं सांगत होते ना?"

मी एक पायरी उतरून थांबले.

"पहिल्या वर्षी दर रविवारी फोनवर रडायची पोर. हे बाजारात गेले की फोन करायची. म्हणायची, आई, बाबांना सांगू नको, त्यांना सोसायचं नाही." काकूंनी पदराने डोळे टिपले. "तू पण बोलू नको हं त्यांच्याजवळ."

आतून काकांनी हाक मारली, "अगं शांता, ये लवकर. सगळ्यांना परत सोडलंय, प्रज्ञाला पुन्हा दाखवतायत."

"आले, आले," म्हणत काकू धावतच आत गेल्या.