नळीचा नैवेद्य

रोह्याच्या गुणाजीने ठरवलं, यंदा लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणायची नाय. कंपनीतल्या साहेबाचं बघून त्याने घराच्या भिंतीतून कचरा ओढायचे पाईप घालून घेतले होते. खोलीखोलीत एक भोक. भोकाला नळी लावली की कचरा थेट पडवीतल्या मोटरच्या डब्यात. पेणच्या मेव्हण्याला, कान्हूला, त्याने फोनवर सांगूनही टाकलं, "भाऊबीजेला ये नि बघ. घरात केरसुणी दिसली तर मिशी उतरवीन." (मिशी कोळंबीएवढी, ऐट फौजदाराची.)

पुढच्या खोलीत पूजेला केरसुणीच्या जागी नळी मांडली. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. मग त्याला वाटलं, देवी जागी करावी. बटण दाबलं, लाह्या-बत्तासे नळीपुढे धरले. सटासट गेले.

"बघ गो, नैवेद्य घेतला," म्हणत त्याने हात जोडले. बायकोने, पुतळीने, नारळ तेवढा गुपचूप आत नेला.

पाडव्याला सकाळी सांडलेला चहाही त्याने नळीनेच ओढला. दुपारी नळी मेली. मोटर घुमतेय, ओढ नाय. गुणाजीने डबा रिकामा केला, फिल्टर झटकला, सगळ्या भोकांची झाकणं दाबून पाहिली. मग कंपनीत शिफ्टवर ओरडायच्या आवाजात म्हणाला, "तुझे केस अडकले असणार."

"माझे केस पाठीवर हायत. स्वयंपाकघरातलं भोक ओढतं का बघा."

त्याने तळवा लावला. झकास ओढत होतं.

"म्हणजे पुढच्या खोलीच्या वळणात अडकलंय. तिथं कोण जेवलं ते आठवा."

गुणाजीने तार शोधली. भाऊबीज उजाडेपर्यंत तो तार घालून खरवडत होता. चहात भिजून दगड झालेला बत्ताशाचा गोळा हलेना. चार लाह्या नि झेंडूची एक पाकळी आली, मग तार आतच तुटली. तेवढ्यात कान्हूचा फोन. गाडीने कासू स्टेशन सोडलं होतं, तासाभरात तो दारात. घरभर फराळाचा चुरा.

पुतळीने तांदळाच्या पिंपामागून केरसुणी काढली. नवी कोरी, हळदकुंकू लावलेली.

"ही कधी आणलीस?"

"माझी पूजा मी आत केली. तुमची बाहेर चालली व्हती. आता झाडा. मला ओवाळणीचं ताट करायचंय."

कान्हू आला तेव्हा गुणाजी शेवटचा कोपरा झाडत होता. चाहूल लागताच केरसुणीसकट दाराआड शिरला. कान्हूने चकचकीत जमीन न्याहाळली.

"ताय, मशीन लय भारी हाय गो. आवाज तर अजिबात नाय."

"लग्नापासून पंधरा वर्सं लय आवाज करायची," पुतळी निरांजन लावत म्हणाली. "आजच बंद झाला."

दाराआड गुणाजीने एका हाताने केरसुणी पाठीमागे धरली आणि दुसऱ्या हाताने मिशी.