टेक्निकली आर्किटेक्ट नसलेला श्रीधर

श्रीधर सबनीस आमच्याकडे भाड्याची खोली बघायला आला, तेव्हा त्याने खोली बघितलीच नाही. दारात बूट काढले, कोटाच्या खिशातून पोलादी टेप काढली आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीशी उकिडवा बसला. पायरीची उंची मोजली, रुंदी मोजली. मग चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला, "काकू, टेक्निकली तुमचा जिना बेकायदेशीर आहे."

"जिना शंभर वर्षांचा आहे," मी म्हटलं. "तुझा कायदा किती वर्षांचा?"

त्याने विचार केला. खरंच केला. "मग चालेल. जुन्या जिन्याला नवा कायदा लागत नाही." आणि खोली न बघताच घेऊन टाकली.

ही लंडनजवळच्या इल्फर्डमधली गोष्ट, चौऱ्याऐंशी सालची. माझे यजमान जाऊन वर्ष झालं होतं. मुलगा केंब्रिजला नोकरीला. तो म्हणायचा, "आई, वर कुणीतरी चालल्याचा आवाज हवा घरात." श्रीधरच्या चालण्याचा आवाज कधी आला नाही. टेपचा यायचा. सर्रकन बाहेर, खाटकन आत. त्याने बाथटब मोजला, दारं मोजली, मी शेगडीपुढे उभी राहते ती जागा मोजली. एकदा पोळीला टेप लावायला लागला, तेव्हा मी लाटणं उगारलं.

"टेक्निकली गोल नाहीये," तो म्हणाला.

"टेक्निकली उपाशी झोपशील," मी म्हटलं.

वय चाळीस, लग्न केलेलं नाही. पुण्यात शिकलेला, तिथे पाच-सहा बंगले बांधून तीन वर्षांपूर्वी इंग्लंडला आलेला. पण इथे पुन्हा परीक्षा द्यावी लागते. ती देऊन नाव नोंदवल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही, तसा कायदाच आहे. हा कायदा श्रीधरइतका कुणीच मनावर घेतला नसेल. गणपतीला हॉलमध्ये एखाद्या डॉक्टरीणबाईंनी "हे आमचे आर्किटेक्ट सबनीस" अशी ओळख करून दिली, की हा हातातली प्रसादाची प्लेट खाली ठेवून पुढे धावायचा. "नाही, नाही! टेक्निकली मी आर्किटेक्ट नाही. ऑफिसात ड्रॉइंग करतो." त्या बाई ओशाळायच्या. दर वर्षी कुणी ना कुणी. शेवटी लोक "हे सबनीस, हे आर्किटेक्ट नाहीत" अशीच ओळख करून द्यायला लागले. त्यावर मात्र तो खूश.

लेखी पेपर त्याने सोडवले, पास झाला. अडला तो शेवटच्या तोंडी परीक्षेत. दोन परीक्षक समोर बसतात. आपण काम केलेली एखादी इमारत घ्यायची आणि ते विचारतील त्याची उत्तरं द्यायची. सहा-सात वर्षांत श्रीधर एकदा नापास झाला, दुसऱ्यांदा झाला, तिसऱ्यांदाही झाला. दर वेळी घरी येऊन कोट टांगायचा आणि सांगायचा, "उत्तरं सगळी बरोबर होती, काकू." मला वाटायचं, खोटं बोलतोय.

चौथ्या वेळी त्याने ठरवलं की सराव करायचा. सराव घ्यायला घरात मी एकटी. माझी शाळा चौथीपर्यंतची, इंग्रजी अक्षर लावता येत नाही. एअरपोर्टच्या जेवणाच्या किचनमध्ये काम केलं होतं, तेवढं बोलता-समजता येतं. म्हणून त्याने सगळे प्रश्न कार्डांवर मराठी अक्षरांत लिहून काढले. इंग्रजीच, पण आपल्या अक्षरांत. 'इफ द बिल्डर डझ नॉट फॉलो द ड्रॉइंग, व्हॉट वुड यू डू?' अशी साठ कार्डं. रोज संध्याकाळी जेवणं झाली की तो कोट घालून किचनच्या दारावर टकटक करायचा. मी शेंगा सोलत वाचायची. तो उभा राहून उत्तर द्यायचा.

"बस की," मी म्हणायची.

"परीक्षकांनी बसा म्हटल्याशिवाय कसं बसणार?"

"ते म्हणत नाहीत का?"

"म्हणतात. पण एकदा म्हटल्यावर लगेच बसणं बरं दिसत नाही."

चार-पाच दिवसांनी माझ्या एक लक्षात आलं. प्रश्न कुठलाही असो, उत्तराच्या शेवटी मिस्टर हॅरिस यायचे. हॅरिस म्हणजे त्याच्या ऑफिसातले साहेब. खिडक्या कुणी ठरवल्या? मिस्टर हॅरिस यांच्या मार्गदर्शनाखाली ठरल्या. बिल्डर चुकला तर काय कराल? मिस्टर हॅरिसना विचारीन.

मी कार्डं खाली ठेवली. "हा हॅरिस परीक्षेला येणार आहे का?"

"नाही."

"मग त्याला पास करतील, तुला कशाला करतील?"

"काकू, साहेबांचं नाव घ्यायला नको? आपणच सगळं केलं म्हणायचं म्हणजे..."

"खिडक्या कुणी ठरवल्या? खरं सांग."

त्याने चष्मा काढून पुसला. मग हळूच, चोरी कबूल केल्यासारखा, "मी."

इमारत म्हणजे एक छोटा दवाखाना होता, बसने अर्ध्या तासावर. भांडी पुसता पुसता त्याने त्याची सगळी हकिगत सांगितली. दारापुढे व्हीलचेअरसाठी उतार करायचा होता. बिल्डरने तो खडा केला. हॅरिस सुट्टीवर. बिल्डर म्हणाला, इंचाचा फरक, कुणाला कळणार आहे? श्रीधरने स्वतः त्या उतारावरून रिकामी व्हीलचेअर ढकलून बघितली आणि आपल्या जबाबदारीवर सगळं काँक्रीट फोडायला लावलं. हॅरिस परत आले ते आधी चिडले आणि मग गप्प झाले, कारण हाच बरोबर होता.

"हे सांगितलंस कधी परीक्षेत?"

"साहेब सुट्टीवर होते असं कसं सांगणार? ते बरं दिसेल का?"

मी त्याला दोन शिव्या घातल्या. इथे लिहीत नाही. मग सांगितलं, "उद्यापासून हॅरिसचं नाव निघालं की त्या दिवशी भात नाही." पहिल्या आठवड्यात तीनदा भातावाचून उठला. पुढे सुधारला. 'आय डिसायडेड' म्हणताना कान लाल व्हायचे, पण म्हणायचा.

परीक्षेच्या सकाळी बूट घालता घालता म्हणाला, "या वेळी नाही झालं तर पुन्हा अर्ज करणार नाही, काकू. सत्तेचाळीस झालं वय."

मी म्हटलं, "जा. आणि पहिल्यांदा म्हणतील तेव्हाच बस."

संध्याकाळी आला तो सरळ किचनमध्ये. परीक्षकांनी उताराबद्दलच विचारलं होतं. काँक्रीट फोडायचा निर्णय कुणाचा? "माझा, म्हटलं. पाय थरथरत होते, काकू. बरं झालं बसलो होतो."

काही आठवड्यांनी, शनिवारच्या टपालाने पत्र आलं. त्याने ते जिन्यातच उघडलं. वाचलं, पुन्हा वाचलं. त्याचं तोंड बघूनच मला कळलं. मी म्हटलं, "आधी घरी फोन कर."

घरी म्हणजे पुण्याला त्याची आई होती, ऐंशीच्या घरातली. शेजारच्यांकडे फोन होता, तिथे तिला बोलावून आणायचे. फोन आमच्या पॅसेजमध्ये. मी किचनमध्ये बटाटे चिरत होते. ऐकायला येत होतं, म्हणून ऐकलं. गुडघा कसा आहे. डोळ्यांत औषध घालतेस का. इथे थंडी आहे. हो, स्वेटर घालतो. हो, जेवतो, काकू करतात. पाच मिनिटं बोलला, ठेवला.

परीक्षेचा एक शब्द नाही.

"अरे, सांगितलं नाहीस?"

तो दारात उभा होता. पत्र हातात. "तिला आधीच सांगितलंय, काकू."

"पत्र तर आत्ता आलं."

"इंग्लंडला आलो त्याच्या दुसऱ्या वर्षीच सांगितलं. सारखी विचारायची. पास झालो म्हणून कळवून टाकलं. तिने अख्ख्या आळीत पेढे वाटले. मग ते मागे कसं घेणार?"

म्हणजे नऊ वर्षं. म्हणूनच हा इतक्या वर्षांत एकदाही पुण्याला गेला नव्हता. मी समजत होते, अभ्यासामुळे. बहीण, मामा, कॉलेजातले मित्र, सगळ्यांच्या लेखी तो केव्हाच पास होता. आज खरोखर पास झाला, तर सांगायला कुणी उरलं नव्हतं.

मी बटाटे चिरत राहिले. तो खुर्ची ओढून बसला, कुणी न सांगता. जरा वेळाने म्हणाला, "काकू, तुम्ही एकदा विचाराल का मला?"

"काय विचारू?"

"हेच. परीक्षेचं काय झालं म्हणून. काहीच माहीत नसल्यासारखं."

मी सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि त्याच्यासमोर बसले.

"काय रे श्रीधर," मी विचारलं, "झाली का परीक्षा? काय झालं?"

आणि तो सांगायला लागला. अगदी पहिल्या पेपरपासून.