घरचं माणूस शेवटच्या पंगतीला

आमच्या सासूबाई गेल्या त्या दिवशी मल्लूअण्णा भेटायला आले. दारात चपला काढल्या, ओटीवर बसलेल्या माणसांवरून एकदा नजर फिरवली आणि हळूच म्हणाले, "तेवीस पानं." मग टॉवेलनं डोळे पुसत आत आले.

मला असा राग आला म्हणून सांगू. म्हटलं, घरात काय झालंय आणि हा माणूस डोकी मोजतोय. दुपारी शेजारच्या तीन घरांतून पिठलं-भात आला, तो बरोबर तेवीस माणसांचा. कुणी उपाशी राहिलं नाही आणि शीतभर वायाही गेलं नाही. अण्णांनीच सगळ्यांना सांगून करवून घेतला होता. राग गिळून जेवले.

मल्लूअण्णांना माणूस म्हणजे पान. सोलापुरात शुक्रवार पेठेत आमच्या शेजारी राहायचे. धंदा लग्नकार्याला पाट, पातेली, सतरंज्या भाड्यानं देण्याचा. पण भांडी पोचवून गप घरी येतील तर ते अण्णा कसले. मांडवात थांबायचं, पंगत बसवायची, वाढप्यांवर ओरडायचं, हे सगळं न सांगता अंगावर घ्यायचे. घरची बोली कानडी, बाहेर मराठी, आणि आमटी पातळ झाली की दोन्ही एकदम. रस्त्यात कुणी भेटलं की "ऊटा आतेन्री?" जेवलात का, एवढंच विचारायचे. पुढच्या चौकशीत त्यांना रस नसे.

त्यांचा हिशोब असा. "शंभराला बोलवा बाई, ऐंशी येत्यात. म्हनून मी पंच्याऐंशीच पानं मांडतोय." आणि नव्वद आली तर? "तर घरची मानसं थांबत्यात. घरचं मानूस शेवटच्या पंगतीला." स्वतः तर ते त्या शेवटच्या पंगतीच्याही नंतर, पातेल्याशी उभ्यानं ताकभात खायचे.

पण एक कायदा सगळ्याच्या वर. बसल्याला उठवायचं न्हाय. मोडनिंबच्या एका लग्नात नवऱ्या मुलाचे मामा उशिरा आले आणि पहिल्या पंगतीत पान नाही म्हणून फुगून बसले. चौकशी केली तर पंगतीत एक भलताच माणूस निघाला. एस.टी. चुकली म्हणून मांडवात शिरलेला, ना मुलाकडचा ना मुलीकडचा. सगळे म्हणाले, उठवा त्याला. अण्णा म्हणाले, "बसलाय न्हवं? मग पाव्हनाच की. याला जिलेबी वाढा." मामांनी वर्षभर अबोला धरला. अण्णांना त्याचं काहीच वाटलं नाही.

तर अशा माणसाबरोबर मी विमानतळावर गेले. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. आमचे हे गिरणीत होते, नव्या यंत्राचं काम शिकायला कलकत्त्याला गेलेले. रविवारी सकाळी तार आली, पोटाचं ऑपरेशन मंगळवारी सकाळी, लगेच या. माझ्या पायाखालची जमीन सरकली. परका मुलूख, यांना ना भाषा येते ना कुणी ओळखीचं. ऑपरेशनला नेण्याआधी एकदा तोंड दिसावं, एवढंच माझ्या मनात होतं. आगगाडीनं जायचं तर वेळेत पोचणं शक्य नाही. गिरणीनं मुंबईहून विमानाची तिकिटं काढून देतो म्हटलं. सासरे दम्यानं बेजार, बरोबर येणार कोण? तोवर अण्णा ट्रंक घेऊन दारात उभे. "दोन पानं सांगा."

सोमवारी दुपारी सांताक्रूझला पोचलो. अण्णांनी लग्नमांडवाएवढ्या त्या दालनात गर्रकन नजर फिरवली आणि कपाळाला आठी घातली. "बाई, पानं लई झाल्यात. विमान केवढं असतंय?"

मी म्हटलं, गप बसा.

काउंटरवर चष्मेवाले एक मध्यमवयीन साहेब होते, मराठीच. त्यांनी आमची तिकिटं पाहिली, यादी पाहिली आणि म्हणाले, "विमान भरलंय. तुम्हाला उद्या याच वेळेला पाठवतो."

"अहो, तिकीट पक्कं आहे ना आमचं?"

"पक्कंच आहे. पण काही लोक ऐनवेळी येत नाहीत, म्हणून आम्ही थोडी जास्त तिकिटं देतो. आज नेमके सगळे आले."

मी तोंड उघडणार, तर अण्णा मान डोलावतायत. "बरोबर हाय. मी बी असंच करतोय." त्या क्षणी त्यांच्या डोक्यात ट्रंक घालावी असं मला वाटलं, खोटं कशाला सांगू.

"मग जास्ती आल्याल्यांचं काय करताय, साहेब?"

"जेवण देतो, राहायची सोय करतो."

"आन बाकीची?"

"बसलीसुद्धा विमानात."

बसली म्हटल्यावर अण्णा काउंटरपासून मागं सरले आणि माझं अवसान गळालं. अण्णांचा कायदा मला पाठ होता. मी ट्रंकेवर बसले आणि चारचौघांत रडले. सकाळी आठला यांना आत नेणार, आणि मी इथं कंपनीचं जेवण जेवत बसणार.

अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, तोंड पुसलं, टॉवेल परत खांद्यावर टाकला. काउंटरशी गेले.

"साहेब, घरचं कोन बसलंय आत?"

"म्हणजे?"

"तुमच्या कंपनीतलं. बोलावणं तुमचं, यजमान तुमी. पाव्हनं उपाशी आन घरचं मानूस पहिल्या पंगतीला, ही कुठली रीत?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "एक जण आहेत. आमचेच अधिकारी, रजेवर. मेव्हणीच्या लग्नाला चाललेत."

"लगीन कवा?"

"परवा."

"मग उठवा."

हा शब्द अण्णांच्या तोंडून आला आणि मी रडायची थांबले.

साहेब माझ्याकडे एकदा बघून आत गेले. थोड्या वेळानं एक सुटाबुटातले गृहस्थ बॅग घेऊन, तोंड वाकडं करून बाहेर आले. अण्णा हात जोडून पुढं झाले. "माफी करा. ह्या बाईंच्या मालकांचं उद्या आपरेशन हाय. तुमी घरचे, म्हनून तुमास्नी उठवलं." ते गृहस्थ जरा घुटमळले. मग माझी ट्रंक त्यांनीच उचलून आत दिली. भला माणूस.

जागा एकच होती. "अण्णा, तुम्ही?"

"मी उद्याच्या पंगतीला. जावा बिगीबिगी."

आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले, तेही एकटी, आणि भ्यायचं राहूनच गेलं. संध्याकाळी दवाखान्यात पोचले. हे खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. वळले, मला बघितलं आणि म्हणाले, "तू?" सकाळी आत नेईपर्यंत माझा हात सोडला नाही. अकराच्या सुमाराला डॉक्टर बाहेर येऊन सांगून गेले, सगळं ठीक झालं. माझा जीव भांड्यात पडला.

त्याच संध्याकाळी अण्णा हजर. हातात कंपनीचं खाण्याचं पुडकं, न उघडलेलं. यांच्या उशाशी बसून त्यांनी विमानाचा अहवाल दिला. "वाढनाऱ्या बाया दोनच, पर वळन चांगलं हाय. पुढनं मागं वाढत येत्यात. ताक तेवढं न्हाय." यांना हसायची बंदी होती, टाके दुखत होते, तरी हसले.

तिथल्या गिरणीच्या एका माणसानं आम्हाला खोली दिली होती. तिथं मी स्टोव्ह पेटवला आणि विचारलं, "अण्णा, काल तुम्ही बसल्या माणसाला उठवलंत."

ते टॉवेलच्या दशा नीट करू लागले.

"आमची मंडळी दवाखान्यात हुती. मी बार्शीला, लग्नात. निरोप आला तसा स्टँडवर पळालो. गाडी उभी हुती, पर भरल्याली. कंडक्टर म्हनला, पुढच्या गाडीनं या. आत सगळी बसल्याली, बाई. बसल्याला कसं उठवायचं? ऱ्हायलो उभा दोन तास. मी पोचायच्या आदी ती गेली. नर्स सांगत हुती, तीनदा इचारलं म्हने. बंद्रेनु? आले काय?"

मी स्टोव्ह बारीक केला.

"एक मानूस उठला असता की," अण्णा म्हणाले. "मी म्हनलोच न्हाय."

मी पिठलं उतरवलं, भात काढला आणि एकच ताट वाढून त्यांच्यापुढं ठेवलं.

"तुमी बसा आदी. मी मागनं खातो."

"इथं यजमान मी आहे, अण्णा. आणि तुम्ही पाहुणे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, ताटाकडं पाहिलं. मग मांडी घालून बसले. अर्ध्यातच उठतील म्हणून मी त्यांचं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिले.