चार काटे आणि गाडीतला पीळ

गाडी डावीकडे ओढत होती. एवढंच. शहाण्या माणसानं अशा वेळी स्टिअरिंग जरा उजवीकडे धरावं आणि गप्प बसावं. पण मी ठरवलं, कारण शोधायचं. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक आपत्तींची सुरुवात इथूनच झालेली आहे. (एकदा फ्रिज का गुरगुरतो याचं कारण शोधलं होतं. पुढचे चार दिवस आमचं दूध खालच्या जाईबाईंच्या फ्रिजात होतं.)

गाडी म्हणजे खरी गाडी नव्हे. गिरगावातल्या चाळीत राहून खरी गाडी घेतली तर ती ठेवू कुठे, डोक्यावर? ही रिमोटवर पळणारी, दीड वीत लांबीची रेसची गाडी. हिला पॅन कार म्हणतात. तव्यासारखी सपाट, कार्बन फायबरची काळी पट्टी आणि तिला स्पंजाची चार चाकं. पुढे वाटाण्याहून लहान दोन स्प्रिंगा. मागे मोटर आणि चाकं यांचा वेगळा तुकडा, तो दोन दांड्यांनी पुढच्या भागाला जोडलेला, दोन्ही अंगांना एकेक स्प्रिंग आणि मधे धक्के जिरवणारा, तेल भरलेला डँपर. झालं सस्पेन्शन. मी विमा कंपनीत कारकून आहे. ऑफिसात मला कुणी काही चालवू देत नाही, घरात तर प्रश्नच नाही, म्हणून मी हे चालवतो.

रेस असते रविवारी सकाळी, करी रोडला, माझा ऑफिसमधला मित्र हितेंद्र राहतो त्या टॉवरच्या पोडियमवर. लालबागच्या एका मंडपवाल्याकडून जुनं हिरवं कार्पेट आणायचं, ते अंथरायचं, कडेनं पाइप लावायचे, की ट्रॅक तयार. या ट्रॅकवर माझी गाडी गेले तीन रविवार शेवटून पहिली येत होती.

“तुझ्या गाडीत पीळ आहे,” हितेंद्र म्हणाला. “एका बाजूच्या चाकावर वजन जास्त पडतंय. सिंपल आहे रे. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेव. डावं-उजवं सारखं येईपर्यंत मागच्या स्प्रिंगांचे स्क्रू फिरव.”

“चार काटे आणू कुठून?”

“चाळीत राहतोस ना तू?”

पहिला काटा घरातच होता, पण तो माझी बायको कालिंदी हिचा होता. कालिंदी दर दिवाळीला भाजणीच्या चकल्यांच्या ऑर्डरी घेते. सहा वर्षं झाली. अख्खी वाडी तिच्याकडून अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पुड्या नेते, आणि चकलीइतकाच तिचा शब्द खपतो. आमच्या चाळीत कुणाला ‘मापात पाप नाही’ म्हणायचं असलं की ‘कालिंदीवहिनींसारखं’ म्हणतात. पहिल्या अठ्ठावीस पुड्या नुकत्याच घरोघरी गेल्या होत्या. दुसरा घाणा सोमवारी होता.

“अहो, एक संध्याकाळ देते,” ती म्हणाली. “उद्या मला परत हवाय. आणि त्याच्यावर ते तेलकट काही सांडू नका.”

दुसरा काटा तळमजल्यावरच्या जाईबाईंचा. त्या मालवणहून कोकम आणि कुळथाचं पीठ आणून विकतात. तिसरा शेजारच्या शेवंतीचा. ती जिमला जाते आणि पोहेसुद्धा मोजून खाते. चौथा अवधूतरावांचा. ते चाळीस वर्षं सोनाराच्या पेढीवर होते, आता रिटायर आहेत, पण वजन केल्याशिवाय त्यांना चहात साखर घालवत नाही. चारही काटे मी आमच्या टेबलावर मांडले तेव्हा एक मजा लक्षात आली. चारही अगदी एकसारखे! वाडीच्या ग्रुपवर कुणीतरी सेलची लिंक टाकली होती आणि सगळ्यांनी तोच पांढरा काटा मागवला होता. (कोणता कुणाचा यावर खूण करावी, हा विचार माझ्या मनात आला. आला आणि गेला.)

गाडी ठेवली. मागचं उजवं चाक दोनशे ग्रॅम. मागचं डावं दोनशे बारा. सापडला पीळ!

मी स्क्रू फिरवले. बारा ग्रॅमांचे वीस झाले. उलटे फिरवले, पाच झाले. बॅटरी सरकवली. डँपरमधलं तेल बदललं. शुक्रवारी संध्याकाळी कालिंदीनं काटा मागितला, मी म्हटलं, उद्या. शनिवारी जाईबाईंनी खालून हाक मारली, मी म्हटलं, संध्याकाळी. शेवंतीनं पोहे अंदाजानं खाल्ले आणि तोंड फुगवलं.

“सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही,” कालिंदी कांदा चिरता चिरता म्हणाली.

“अगं, जातोय, जातोय.”

“मी गाडीचं नाही बोलत.”

शनिवारी दुपारी डावं दोनशे पाच आणि उजवंही दोनशे पाच आलं. मी टेबलाभोवती नाचलो. कालिंदीला बोलावून आकडे दाखवले. तिनं पाहिले आणि काटा कधी मिळणार ते विचारलं.

रविवारी करी रोडला गाडी ट्रॅकवर ठेवली, ट्रिगर दाबला, आणि ती घाण्याच्या बैलासारखी जागच्या जागी डावीकडे गोल फिरू लागली. आधी नुसती ओढत होती हो! दहा जणांच्या गाड्या सुसाट पळताहेत आणि माझी मधोमध प्रदक्षिणा घालतेय. टॉवरमधल्या एका आजोबांनी विचारलं, “ही नाचाची आहे का?”

हितेंद्रनं गाडी हातात घेऊन दाबून बघितली. “माधव, तू हिला बॅलन्स केलीस की वाकडी केलीस? काटे अदलाबदल करून बघितलेस का?”

नव्हते बघितले. घरी येऊन, न जेवता, डाव्या चाकाखालचा काटा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे ठेवला. डावं एकशे नव्वद. उजवं दोनशे एकवीस!

म्हणजे गाडी पहिल्यापासून बऱ्यापैकी सरळ होती, पीळ असलाच तर चार-पाच ग्रॅमांचा; काटा खोटा होता. तीन दिवस मी एका सरळ गाडीला खोट्या काट्याच्या सांगण्यावरून पिळत होतो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या भरात मी जे केलं ते कुठल्याही विवाहित माणसानं करू नये. चारही काटे घेऊन मी गॅलरीत आलो आणि ओरडलो, “या चार काट्यांतला एक काटा खोटा आहे! दोनशेचे दोनशे सोळा दाखवतो!”

“कोणाचा?” शेवंतीनं विचारलं.

“ते माहीत नाही. सगळे सारखेच दिसतात.”

जाईबाई जिना चढून आल्या. “माजो काटो खोटो म्हणतस? खयच्या तोंडान म्हणतस रे मेल्या? चार दिवस वापरलंस, आता खोटो?”

“तुमचाच असं नाही म्हटलं, जाईबाई.”

“मग कोणाचो?”

“खोटा काटा माझा असेल तर,” शेवंती म्हणाली, “मी महिनाभर कमी खाल्लं की जास्त?”

“कमी.”

“मग वजन का नाही उतरलं?”

तोवर गॅलरीत पंधरा-वीस माणसं जमली होती. कालिंदी पिठाच्या हातांनीच बाहेर आली, आणि तिनं सगळ्यांदेखत निकाल दिला: “ज्याचा काटा खोटा निघेल त्यानं घरोघरी जाऊन कमी पडलेलं भरून द्यायचं. मग तो कुणीही असो.”

“बरोबर!” मी म्हणालो. (सर्वांत मोठ्यानं मीच म्हणालो.)

अवधूतरावांनी घरातून दोनशे ग्रॅमचं पितळी वजन आणलं, पंच्यानं पुसलं आणि एकेका काट्यावर ठेवलं. दोनशे. दोनशे. दोनशे. चौथ्यावर दोनशे सोळा. त्यांनी तो काटा उचलून उलटा केला. त्याच्या पोटावर रुपयाहून जरा मोठं, काळं, चिकट वर्तुळ होतं आणि त्यात स्पंजाचा एक तुकडा अडकला होता.

आता हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, पण मी ते बायकोलाही सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात ती माहेरी गेली असताना मी गाडीचे नवे टायर चिकटवले. स्पंजाचा टायर चाकावर चिकटवला की वरून सपाट दाब द्यावा, असं माझं मत होतं. घरात सगळ्यांत सपाट वस्तू काटा. म्हणून खाली टायर, त्यावर काटा, आणि काट्यावर सासूबाईंनी लग्नात दिलेला मसाल्याचा पाटा. दुपारभर.

कालिंदीनं ते वर्तुळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. अठ्ठावीस पुड्या तिनं याच काट्यावर भरल्या होत्या. प्रत्येक पुडीत चाळीसेक ग्रॅम कमी, म्हणजे तीन चकल्या. सहा वर्षांचं नाव, आणि ते तिच्या घरातल्याच माणसानं पाट्याखाली चिरडलं होतं. मला वाटलं, आता काटा माझ्या डोक्यात येणार, आणि खरं सांगतो, आला असता तर बरं वाटलं असतं.

ती वळली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “काटा आमचा आहे. आज संध्याकाळी प्रत्येकाच्या घरी तीन-तीन चकल्या पोचतील. माझी चूक झाली.”

मला तिचा इतका अभिमान वाटला आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की मी गाडी पाठीमागे लपवली.

सोमवारचा घाणा तिनं रविवारीच घातला. चौऱ्याऐंशी चकल्या पिशवीत घालून मी अठ्ठावीस दारं वाजवली. लोक चिडतील असं मला वाटलं होतं. चिडले असते तर परवडलं असतं. “वहिनींचं मन मोठं हो!” असं म्हणून ते चकल्या घ्यायचे आणि मग माझ्याकडे असं बघायचे, जणू वहिनी अपघातात सापडल्यात आणि तो अपघात म्हणजे मी. जाईबाईंनी तर मला बसवून पाणी दिलं. “माधवा, बाय गुणाची हा तुजी. तू तेवडो घरात खयच्या वस्तूक हात लावू नको.”

वाडीच्या ग्रुपवर रात्र पडायच्या आत सगळी हकिकत फिरली. तिथून ती हितेंद्रकडे गेली, हितेंद्रकडून टॉवरभर. ज्या बाईनं स्वतः उभं राहून ‘काटा आमचा आहे’ म्हटलं तिच्याच चकल्या हव्यात, असं म्हणून करी रोडहून चाळीस पुड्यांची ऑर्डर आली. मी मनात म्हटलं, चला, आपल्या हातून का होईना, बायकोच्या धंद्याला हातभार लागला. ते मी तिला बोलूनही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पुड्यांसाठी लेबलं छापून आणली. सुंदर आहेत, केशरी रंगात, वर पणती. खाली ठळक अक्षरात लिहिलंय: ‘घरगुती भाजणी चकली. वजन चोख. यजमानांचा हात लागलेला नाही.’

ती चिकटवायचं काम माझ्याकडे आहे. पुडी बंद झाल्यावर, आणि तेही जाईबाई समोर बसल्या असतील तरच.