गदा फिरेपर्यंत कबूतर वर

पार्सलवाल्यानं खोकं गल्लीच्या तोंडाशीच ठेवलं आणि तिथूनच फोन केला, "साहेब, येऊन घेऊन जा. आत काय आहे ते सांगू नका. माझ्या पाठीला कळलंय."

लालमणि दुबेंनी ते खोकं चार ठिकाणी टेकवत घरी आणलं. त्यांच्या पत्नीनं, किशोरीनं, ते उघडलं आणि आतला लांब दांडा व टोकाचा गोळा पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"अहो, एवढा मोठा बत्ता? आणि खल कुठंय?"

"गदा आहे ती. पोलादी. दहा किलोची."

"गल्लीच्या टोकाला जंगी गुरूंचा आखाडा आहे. तिथं बावीस गदा भिंतीला टेकवून ठेवल्यात. आणि काशीत राहून तुम्ही गदा पोस्टानं मागवलीत?"

"पोस्टानं नाही, कुरिअरनं," लालमणि खालच्या आवाजात म्हणाले. ते स्वतः पोस्टात कारकून होते.

गदा मागवण्यामागचं कारण मात्र गंभीर होतं. आमच्या गल्लीत हनुमान जयंतीला प्रत्येक जुन्या घरातला एक पुरुष आखाड्यात उतरून, महावीरजींच्या, म्हणजे हनुमानाच्या, समोर अकरा फेऱ्या गदा फिरवतो. तो त्या घराचा मान. पहिला मान दुबेंचा. लालमणींचे वडील, ज्यांना सगळी गल्ली बाबूजी म्हणते, सत्तरी उलटल्यावरही वीस किलोची गदा अशी फिरवायचे की बघणाऱ्याला वाटावं, आत भुसा भरलाय. पण या थंडीत त्यांचा गुडघा बदलला आणि डॉक्टरांनी गदेला हात लावायची बंदी केली. बाबूजींनी पानाच्या ठेल्यावर जाहीर करून टाकलं, "यंदा आमचा लालमणि फिरवेल." लालमणि न फिरवता परतले असते तर पहिला मान समोरच्या छन्नू मिश्रांकडे गेला असता. छन्नूंनी त्या आशेवर नवा लंगोटसुद्धा शिवून घेतला होता.

लालमणि त्रेचाळीस वर्षांचे. अठरा वर्षं शिक्के मारून त्यांचा उजवा खांदा बरा होता, पण डाव्या हातानं आयुष्यभर फक्त पाकीट धरलेलं. आखाड्यात जाऊन शिकावं तर पोरंटोरं हसणार. म्हणून त्यांनी मोबाईलवर एक दाढीवाला डच गुरू शोधला, पोलादी गदा मागवली आणि दीड महिना आधीच गच्चीवर शिक्षण सुरू केलं.

बाबूजींना हे कळलं तेव्हा ते खाटेवर उठून बसले. "डच? ज्या देशात एक टेकडी नाही, तो देश गदा शिकवणार?" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतर त्यांनी या विषयावर बोलणंच सोडलं. ऑपरेशनपासून ते तसेही सगळ्यांवर रुसलेले होते.

गदा खांद्यावरून पाठीमागे सोडायची, ती पाठीशी झोका घेते आणि दुसऱ्या खांद्यावरून पुढे येते, असं डच गुरूनं दाखवलं होतं. लालमणींची गदा पहिल्या दिवशी पाठीमागे गेली ती थेट पाण्याच्या टाकीत. दुसऱ्या दिवशी किशोरीचे बटाट्याचे पापड गेले. तिसऱ्या दिवशी गदा पहिल्यांदाच पाठीला वळसा घालून नीट पुढे आली आणि लालमणींना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच दुसरी, तिसरी फेरी मारली. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून आरोळी आली.

"या अल्ला! लालमणि बेटा, थांब!"

शेजारी मकबूल चचा राहतात. उभं आयुष्य बनारसी साड्या विणल्या, आता माग मुलांच्या हाती देऊन ते कबुतरं उडवतात. दोन गच्च्यांमध्ये कमरेएवढा कठडा आहे. चचा त्या कठड्याला टेकून, डोळ्यांवर हात धरून आकाशाकडे बघत होते. वर त्यांची साठ कबुतरं गोल गोल फिरत होती.

"उतरत होती रे सगळी! तू ते फिरवलंस आणि परत वर गेली!"

"माझ्या गदेचा त्यांना काय त्रास, चचा?"

चचांनी कोपऱ्यातला लांब बांबू उचलून दाखवला. टोकाला काळं फडकं बांधलेलं. "हा असा डोक्यावर फिरवला की त्यांना कळतं, अजून उतरायचं नाही, उडत राहा. पिल्लू असल्यापासून हेच शिकवलंय. तू तेच करतोयस. त्यांना काय माहीत तू तब्येत कमावतोयस?"

मग दोन घरांत तह झाला. कबुतरं ढाबळीत गेली की लालमणींनी गदा उचलायची, त्याआधी नाही. लालमणींनी तह इमानानं पाळला. रोज सकाळी ते कठड्यावरून डोकावून ढाबळीत नजर टाकायचे, आत गुटुर्गूं ऐकू आलं की कामाला लागायचे. प्रगतीही झाली. दीड महिन्यात तीनवरून सहा फेऱ्यांवर आले. सातव्या फेरीला डावा खांदा संप पुकारायचा.

हनुमान जयंती सोमवारी होती. आदल्या दिवशी, रविवारी, लालमणि अजून सहावरच अडलेले होते. सहा म्हणजे अकरा नव्हेत, हे गणित पोस्टातल्या माणसाला चुकवता येण्यासारखं नव्हतं. सकाळी दहाला ते वर गेले, डोकावून पाहिलं, ढाबळ भरलेली, दाराला कुलूप. चला, म्हणाले, आणि गदा उचलली.

त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. त्या दिवशी कबुतरांची स्पर्धा होती. प्रत्येक कबुतरबाज उस्तादानं पहाटे एकच पक्षी सोडायचा. ज्याचा सगळ्यांत शेवटी आपल्या गच्चीवर उतरेल तो जिंकला. मकबूल चचा एकोणीस वर्षं स्पर्धेत उतरत होते आणि एकोणीस वर्षं हरत होते. बाकीची कबुतरं मध्ये लुडबुड नको म्हणून कोंडून ठेवलेली होती. वर एकटी चीनी उडत होती, ठिपक्याठिपक्यांची त्यांची लाडकी मादी. आणि ती आत्ता कुठं खाली यायला लागली होती.

लालमणींनी सहा फेऱ्या मारल्या आणि चीनी पुन्हा ढगात गेली.

"मास्तर!" चचा किंचाळले. त्यांच्या गच्चीवर ढाबळीच्या आडोशाला पंच म्हणून सिकंदर मास्तर घड्याळ आणि वही घेऊन बसले होते. "हे माझं काम नाही, मास्तर! मी झेंडा हलवलेला नाही! माझा पक्षी बाद करू नका!"

सिकंदर मास्तर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी चष्मा पुसला आणि नियमांचा कागद सावकाश वाचला. "मालकानं झेंडा, बांबू, फडकं हलवू नये. शिट्टी वाजवू नये. डबा बडवू नये." ते थांबले. "गदेबद्दल काही लिहिलेलं नाही. शिवाय ही दुसऱ्याची गच्ची. घार आली, पतंग आला, तसाच हा एक बाहेरचा प्रकार. पक्षी बाद नाही. मात्र मी हे सगळं नोंदवणार. किती फेऱ्या?"

"सहा," लालमणि धापा टाकत म्हणाले. "चचा, माफ करा. मी आत्ता खाली जातो."

चचांचा चेहरा हळूहळू बदलला. "खाली कशाला जातोस, बेटा?" त्यांच्या आवाजात एकदम मध उतरला. "उद्या जयंती ना तुझी? म्हणजे मी आपलं सहज म्हणतो—"

"मकबूल मियाँ," मास्तरांनी बोट वर केलं, "त्याला सांगायचं नाही. सांगितलंत तर बाद."

चचांनी ओठ मिटले. मग ते लालमणींकडे पाठ करून, रिकाम्या आकाशाला उद्देशून बोलू लागले. "व्यायाम मोठी चीज आहे. माझे अब्बा म्हणायचे, व्यायाम अर्धवट सोडणाऱ्याला जन्नतमध्ये उभं राहायलाही जागा मिळत नाही."

लालमणि कारकून असले तरी मूर्ख नव्हते. वर पाहिलं तर चीनी पुन्हा घिरट्या घालत खाली येत होती. पलीकडे म्हातारा माणूस पाठमोरा उभा राहून आकाशाला अब्बांचे दाखले देत होता. एकोणीस वर्षं! त्यांना चचांची फार दया आली. त्यांनी गदा उचलली. सहा झाल्या, सातवी कशीबशी झाली, आठवीला खांद्यानं नेहमीचा संप पुकारला आणि गदा पाठीमागे लोंबकळली.

"मनगटानं नाही रे! कमरेनं!"

लालमणींनी चमकून वळून पाहिलं. जिन्याच्या तोंडाशी बाबूजी उभे होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं भिंत धरलेली, नवा गुडघा आणि बत्तीस पायऱ्या. मागून किशोरी "बाबूजी, डॉक्टर काय म्हणाले होते!" असं ओरडत येत होती.

"डॉक्टर खाली आहे," बाबूजी म्हणाले आणि धापा टाकत पालथ्या टबावर बसले. "आरडाओरडा ऐकला, म्हटलं पोरगं पडलं की काय. आता बघतो तर पडलेलं बरं, असं फिरवतोय. डावा खांदा झोपलाय, उठव त्याला. गदा ओढायची नसते, तिला जाऊ द्यायचं असतं. तिचं वजन तिला माहीत आहे. जाऊ दे. हं. आता परत आली की नाही?"

परत आली. खरोखरच आली. नववी, दहावी, अकरावी. लालमणींना जन्मात पहिल्यांदा बाबूजी आपल्याकडे असं टक लावून बघताना दिसत होते, आणि त्यांना त्याचं इतकं बरं वाटलं की बारावी आणि तेरावी फेरी आपोआपच झाली.

मग जवळजवळ दीड तास हेच चाललं. चीनी खाली आली की गदा फिरायची, चीनी वर गेली की गदा टेकायची. किशोरी लिंबूपाणी पाजत होती, बाबूजी शिव्या देत होते, मास्तर रेघा मारत होते आणि चचा आकाशाला व्यायामाचे फायदे सांगत होते. अकरा वाजून एकेचाळीस मिनिटांनी फोन आला: शेवटचा प्रतिस्पर्धी पक्षी अलईपुऱ्यात उतरला. लालमणींच्या हातातून गदा गळून पडली. अकरा मिनिटांनी चीनी चचांच्या गच्चीवर उतरली. चचांनी आधी चीनीचा मुका घेतला आणि मग कठडा ओलांडून लालमणींचा.

"एकूण फेऱ्या एकशे बत्तीस," मास्तरांनी वहीत लिहून खाली सही केली.

सोमवारी सकाळी लालमणींचे हात खांद्यापासून खाली नुसते लटकत होते. किशोरीनं त्यांना कचोरी भरवली, केस विंचरले आणि लंगोटाची गाठही तिनंच मारली. आखाड्यात जंगी गुरूंनी पुकारा केला, "दुबेंचं घर!" लालमणि मातीत उतरले, वीस किलोच्या गदेला हात घातला आणि जोर लावला. गदा जागची हलली नाही. पुन्हा लावला. तोंडातून एक विचित्र आवाज निघाला, बाकी काही नाही.

"गुरू, आमच्या घराला उशीर होतोय," छन्नू मिश्र नवा लंगोट सारखा करत म्हणाले. बाबूजी खाली मान घालून मातीकडे बघत राहिले. लालमणींना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"एक मिनिट, गुरू!" दारातून आवाज आला. मकबूल चचा पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते, शेजारी सिकंदर मास्तर. "या मुलानं काल एकशे बत्तीस फिरवल्यात. पंचांची सही आहे."

जंगी गुरूंनी मास्तरांच्या वहीचं पान उलटंसुलटं करून पाहिलं. "पण मान महावीरजींच्या समोर द्यायचा असतो."

"आमच्या गच्चीवरून महावीरजींच्या देवळाचा कळस दिसतो," बाबूजी मान वर करून म्हणाले.

"कळस दिसतो म्हणजे कळसालाही गच्ची दिसते," चचांनी पुस्ती जोडली.

गुरूंनी दाढी खाजवली. "गदा किती किलोची?"

"दहा," लालमणि कण्हले.

"आमची वीसची. म्हणजे दोन फेऱ्यांची एक. सहासष्ट. वर्षाला अकरा." गुरूंनी बोटं मोजली. "दुबेंच्या घराचा सहा वर्षांचा मान पोचला. पुढचं घर!"

"आगाऊ मान?" छन्नू ओरडले. "असं कुठं असतं?"

"आजपासून असतं. ज्याला आगाऊ द्यायचा असेल त्यानं गच्चीवर पंच बसवावा आणि फिरवावी."

गुरूंच्या शब्दाला आमच्या गल्लीत फार किंमत आहे. मंगळवारी सकाळी लालमणि आणि बाबूजी गच्चीवर चहा घेत बसले होते. लालमणींचा कप किशोरीच्या हातात होता. आजूबाजूच्या सतरा गच्च्यांवर सतरा माणसं, कुणी गदा, कुणी मुसळ, कुणी सायकलच्या दांड्याला बांधलेला खल डोक्यावर गरागरा फिरवत होती. प्रत्येकाजवळ वही घेऊन एकेक मेहुणा बसला होता. सगळ्यांत पुढे छन्नू मिश्र. आणि वर आकाशात मकबूल चचांची साठच्या साठ कबुतरं पहाटेपासून अडकून पडली होती.

"अरे, थांबा रे जालिमांनो!" चचा स्पर्धेत मिळालेला चषक हलवत या कठड्यावरून त्या कठड्याकडे धावत होते. चषक चकाकत होता, त्यामुळे कबुतरं आणखीच वर जात होती. अखेर बिचाऱ्या पाखरांनी वरून संबंध मोहल्ला न्याहाळला आणि जिथं काहीच फिरत नव्हतं अशी एकमेव गच्ची निवडली. साठ कबुतरं दुबेंच्या गच्चीवर उतरली. टाकीवर बसली, खाटेवर बसली, दोन लालमणींच्या खांद्यांवर बसली.

"बेटा, हाकल त्यांना! इकडे पाठव!"

लालमणींनी हात उचलायचा प्रयत्न केला. तो कमरेच्या वर गेला नाही. उजव्या खांद्यावरच्या कबुतरानं डोळे मिटून घेतले. लालमणि चाचरत म्हणाले, "बाबूजी, आता सहा वर्षं गदेला हात लावायचं काम नाही ना?"

बाबूजींनी सतरा गच्च्यांवरून एक तुच्छ नजर फिरवली, मग आपल्या मुलाच्या डाव्या खांद्याकडे बराच वेळ पाहिलं.

"सहा वर्षांनी वीसची फिरवायची आहे," ते म्हणाले. "तुझा हा खांदा बघता सहा वर्षं पुरायची नाहीत. उद्या पाच वाजता वर ये. मी येतोच आहे."

पलीकडे चचांनी हे ऐकलं आणि चषक खाली ठेवून मटकन बसले.