दाजींचे बूट, मेहुण्याचे पाय

मेहुणा सोफ्यावर पसरला होता. त्याच्या पायांत प्रोफेसरचे नवे कोरे बूट होते, ते बूट टीपॉयवर होते, आणि प्रोफेसर अनवाणी त्याच्यासमोर उभा राहून काकुळतीनं म्हणत होता, "अरे, निदान गॅलरीपर्यंत तरी चालून ये."

"दाजी, आत्ताच स्वयंपाकघरात जाऊन आलो की."

"ते चहा आणायला!"

"मग? चहाला काय उडत गेलो होतो?"

प्रोफेसर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कॉलेजचं तोंड त्यानं रस्त्यावरून जाता-येता पाहिलं असेल तेवढंच. दगडाच्या लाद्या कापून विकणाऱ्या यार्डात तो लाद्या उचलायचा. पण कुठल्याही विषयावर, कुणीही न विचारता बोलायची त्याला सवय होती, म्हणून यार्डातल्या लोकांनी ही पदवी त्याला परस्पर देऊन टाकली होती. त्यातही बूट हा त्याचा हातखंडा विषय. कामाचे बूट कसे निवडावेत, कसे वापरावेत, कसे पुसावेत, हे तो इतक्या तळमळीनं सांगायचा, की ऐकणाऱ्याचं लक्ष त्याच्या स्वतःच्या बुटांकडे जायला बराच वेळ लागायचा. त्याच्या उजव्या बुटाचा तळ तारेनं बांधलेला होता.

तर गोष्ट अशी झाली, की यार्डाचा म्हातारा मुकादम निवृत्त होत होता आणि सोमवारी मालक नवा मुकादम नेमणार होते. मालकांची माणूस पारखायची एक खास रीत होती. ते तोंडाकडे बघतच नसत, आधी पायांकडे बघत. कोरे बूट म्हणजे कामचुकार, फाटके बूट म्हणजे निष्काळजी. झिजलेले, पण निगा राखलेले बूट ज्याच्या पायात, तोच खरा कामाचा माणूस. या पद्धतीनं त्यांनी आजवर नेमलेल्यांपैकी निम्मे लोक पळून गेले होते. पण पळाले तेव्हाही त्यांचे बूट उत्तम होते, असं मालक अभिमानानं सांगत.

प्रोफेसरला ही जागा मनापासून हवी होती. लाद्या उचलून उचलून त्याच्या कंबरेचं पार भजं झालं होतं. सकाळी उठायचं म्हणजे आधी कुशीवर वळायचं, मग बायकोला हाक मारायची, मग दोघांनी मिळून त्याला उभं करायचं. मुकादमाला लादी उचलावी लागत नाही. त्यानं नुसतं 'उचला' म्हणायचं असतं. आणि बोलण्याच्या कामात आपला हात कोण धरणार, असं प्रोफेसरला वाटायचं. ते खोटंही नव्हतं.

तेव्हा आठवडाभर आधी, सकाळी सकाळी, तो बुटांच्या दुकानात हजर झाला. येताना घरची हातोडी घेऊन आला होता. त्यानं बूट वाकवून पाहिला, पिळून पाहिला, नाकाला लावला, शिवणीवर नख ओढलं आणि पुढच्या टोकावर हातोडी मारली. आतल्या लोखंडी टोपीनं टण्ण आवाज केला, तसा तो समाधानानं हसला.

"माप घ्यायला संध्याकाळी आला असतात तर बरं झालं असतं," दुकानदार म्हणाला. "दिवसभर उभं राहून पाय फुगतो. आणि कामाचे जाड मोजे घालून यायचं. टाचेत एक बोट जायला हवं."

"मला बूट शिकवताय?" प्रोफेसरनं विचारलं. "बूट आधी आवळच घ्यायचा असतो. चामडं नंतर सैल होतं."

"चामडं होईल हो. लोखंड कुठलं सैल होतंय?"

असल्या फालतू मुद्द्यांना उत्तर देत बसण्याचा प्रोफेसरचा स्वभाव नव्हता. त्यानं बूट घेतले, पायात घातले आणि तारेनं बांधलेले जुने बूट दुकानाच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकून तो ताठ मानेनं बाहेर पडला. दुपारपर्यंत मान ताठच होती, पाय मात्र वाकडे पडू लागले. संध्याकाळी तो भिंत धरत घरी पोचला तेव्हा दोन्ही टाचा सोलवटल्या होत्या आणि करंगळ्यांचं काही विचारू नये.

"परत देऊन या की," बायको म्हणाली.

"आणि त्या दुकानदाराला तोंड काय दाखवू?"

"पाय दाखवा."

पण पाय दाखवणारी माणसं वेगळी. प्रोफेसरनं रात्रभर विचार केला आणि सकाळी त्याची नजर सोफ्यावर गेली. सोफ्यावर बायकोचा भाऊ झोपला होता. तो दोन दिवसांसाठी म्हणून आला होता, त्याला आता वर्ष होत आलं होतं. तो नोकरी शोधत होता, म्हणजे नोकरी आपल्याला शोधत दारापर्यंत येईल या भरवशावर होता. त्याचा पाय प्रोफेसरपेक्षा किंचित लहान होता. बूट त्याला अगदी मापात बसले.

"चार-सहा दिवस घालून हिंड," प्रोफेसर म्हणाला. "बूट रुळतील, जरा झिजतील. मालकांसमोर वापरलेले दिसायला हवेत."

"हिंडू? म्हणजे बाहेर?" मेहुणा उठून बसला. "आणि तुम्ही काय घालणार?"

"तुझे दे."

मेहुण्याचे बूट कापडी होते. रंग जांभळा, नाड्या नारिंगी. प्रोफेसरनं त्यांची टाच दाबून चपलांसारखे पायांत सरकवले आणि तो कामावर गेला.

"हे काय पायात?" म्हाताऱ्या मुकादमानं विचारलं.

"पाय दुखतोय. डॉक्टरांनी मऊ बूट घालायला सांगितलेत."

"आणि रंगही डॉक्टरांनीच सांगितला?"

तेव्हापासून मालक फेरीला आले, की प्रोफेसर एखाद्या उभ्या लादीमागे जाऊन नुसतं डोकं वर काढायचा. मालकांना तोंडात रस नसल्यामुळे ते पुढे निघून जायचे.

इकडे घरी बूट रुळायचं नाव नव्हतं, कारण ते टीपॉयवरून हलायचं नाव घेत नव्हते. शेवटी बायकोनं सूत्रं हाती घेतली. "वरच्या मजल्यावरची माणसं घर बदलतायत," ती भावाला म्हणाली. "जा, चार वस्तू उचलू लाग. नाहीतर आजपासून चहा बंद."

मेहुणा निघाला. त्या जड बुटांनी जिन्यावर असा धाड धाड आवाज केला, की वर कपाट घेऊन अडकलेली माणसं जागच्या जागी थांबली आणि वळून बघू लागली. असले बूट घालून येणारा माणूस कुणीतरी जबाबदार असणार, हे उघडच होतं.

"कपाट आधी न्यायचं का पलंग?" एकानं अदबीनं विचारलं.

मेहुण्यानं कपाटाकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं, स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. "कपाट," तो म्हणाला. "आडवं नको, उभं घ्या. दोघं खाली व्हा. कंबर नाही वाकवायची, गुडघे वाकवा!"

हे गुडघ्यांचं त्यानं दाजींच्याच तोंडून अनेकदा, सोफ्यावर अर्धवट झोपेत ऐकलं होतं. कपाट सुखरूप खाली गेलं. संध्याकाळपर्यंत सगळं घर खाली गेलं आणि मेहुण्यानं एका पाटालाही हात लावला नव्हता. तो नुसता जिन्यावरून वर-खाली करत, हात दाखवत ओरडत होता. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या इमारतीतून बोलावणं आलं. तिसऱ्या दिवशी दोन ठिकाणांहून. आयुष्यात पहिल्यांदाच मेहुणा सकाळी अंघोळ करून बाहेर पडू लागला.

संध्याकाळी तो परत आला, की प्रोफेसरची पाळी सुरू व्हायची. बुटांच्या बाबतीत तो कसूर करणाऱ्यांतला नव्हता. खाली बसून तो आधी काडीनं शिवणीतली माती काढी, मग ब्रश मारी, ओल्या फडक्यानं पुसून बूट सावलीत वाळवी, हाताच्या उबेनं मेण चोळी, आत वर्तमानपत्राचे बोळे भरी. हे सगळं चालू असताना मेहुणा सोफ्यावरून सूचना करायचा.

"दाजी, डाव्याच्या जिभेखाली धूळ राहिलीय."

"बघतो."

"आणि नाड्या जरा सैल ठेवा. सकाळी घाई असते हो मला."

प्रोफेसर दात-ओठ खाऊन आणखी जोरानं मेण चोळायचा. बूट दिसायला सुरेख होत चालले होते. टोकाचा रंग जरा उडालेला, घोट्याशी चार सुरकुत्या, वरून मेणाची मंद चमक. मालकांनी बघावेत आणि मिठीच मारावी, असे.

रविवारी त्यानं ते पायात घातले आणि त्याच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. चामडं मऊ झालं होतं, यात शंकाच नव्हती. पण ते मेहुण्याच्या पायापुरतं मऊ झालं होतं. जिथे मेहुण्याचा पाय फुगीर, तिथे बूट फुगीर, आणि जिथे प्रोफेसरचा पाय फुगीर, तिथे लोखंड.

"उभं राहता येतंय ना?" बायकोनं विचारलं.

"उभं राहता येतंय. चालता येत नाही."

"मग मालकांसमोर उभंच तर राहायचंय. तिथपर्यंत तो घालून येईल. गेटमागे बदला."

बेत चोख होता. सोमवारी सकाळी दोघं निघाले. पुढे मेहुणा, ऐटीत पावलं टाकत. मागे जांभळ्या बुटांत प्रोफेसर, हातात डबा. बूट बदलायला यार्डाच्या गेटशी ते पोचले, तर तिथे लाद्यांचा ट्रक उतरवणं चालू होतं. प्रोफेसरनं मेहुण्याला बाजूला ओढलं आणि तो त्याच्या नाड्या सोडायला खाली वाकला. तेवढ्यात ट्रकवरचा एक पट्टा सुटला आणि उभी लादी हळूहळू बाहेरच्या बाजूला कलायला लागली.

माणसं थिजली. म्हातारा मुकादम आत निरोपाचा हार घालून बसला होता. प्रोफेसरच्या मनात अशा प्रसंगी काय करावं याचे बरेच मुद्दे आले आणि त्यांचा क्रम तो लावू लागला.

"खालून कुणी हात घालायचा नाही!" मेहुणा ट्रककडे झेपावत गरजला. चार दिवसांची सवय होती, तोंडातून आपोआपच निघालं. "दोघं मागे! पट्टा ओढा! तुम्ही बाजूनं धरा, गुडघे वाकवा! सावकाश... सावकाश..."

त्या आवाजाला आणि त्या बुटांना कुणी 'तू कोण' असं विचारलं नाही. पट्टा ताणला गेला, लादी सावरली, सरकत सरकत खाली आली आणि तिचा कोपरा अलगद मेहुण्याच्या उजव्या बुटाच्या टोकावर टेकला. टण्ण असा ओळखीचा आवाज झाला.

प्रोफेसर घाबरून धावला. "लागलं का रे?"

"नाही दाजी."

"तुला नाही रे, बुटाला!"

लादी बाजूला झाली. बुटाला फक्त एक बारीक ओरखडा आला होता. प्रोफेसर गुडघ्यावर बसून तो रुमालानं पुसत असतानाच शेजारी आणखी दोन बूट येऊन थांबले. मालक खाली मान घालून बघत होते.

"असे बूट," ते गहिवरून म्हणाले, "माझ्या वडिलांच्या पायात होते. काय रे, मुकादमी करशील?"

"मालक!" प्रोफेसर उठला, म्हणजे निम्मा उठला, कंबरेनं पुढे जाऊ दिलं नाही. "मालक, हे बूट माझे आहेत!"

मालकांची नजर जांभळ्या कापडावर गेली आणि नारिंगी नाड्यांवर अडकली. "मग तुझ्या पायात का नाहीत?"

बुटांवरच्या कुठल्याही प्रश्नाला प्रोफेसरकडे तासभराचं उत्तर असायचं. या वेळी एकच शब्द आला. "चावतात."

"ज्याचं स्वतःचे दोन बूट ऐकत नाहीत, त्याचं अख्खी टोळी काय ऐकणार?"

"पण निगा मीच राखली, मालक! रोज संध्याकाळी ब्रश, फडकं, मेण... विचारा त्याला."

"खरं का रे?"

"अगदी खरं," मेहुणा प्रामाणिकपणे म्हणाला. "मी नुसतं कुठे राहिलंय ते सांगतो. करतात सगळं दाजीच."

मालकांनी कौतुकानं मान डोलावली. "याला म्हणतात माणसाकडून काम करून घेणं." आणि निरोपासाठी आणलेला दुसरा हार त्यांनी मेहुण्याच्या गळ्यात घातला.

प्रोफेसरला रडू येत होतं आणि ते त्यानं लपवलं नाही. एवढी वर्षं लाद्या उचलल्या, कंबर घालवली, आणि जागा गेली कुठे, तर सोफ्यावर. मेहुण्यालाही वाईट वाटलं. त्यानं दाजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच बाजूला नेलं.

"दाजी, मनाला लावून घेऊ नका. आजपासून तुम्हाला मोठी लादी उचलायला लावायची नाही, हे मी ठरवूनच टाकलंय."

प्रोफेसरनं डोळे पुसले. "खरंच?"

"खरंच. पण हे जांभळे बूट यार्डात चालायचे नाहीत. उद्या नीट बूट घालून या, नाहीतर गेटवरूनच परत पाठवावं लागेल. आणि हे मागू नका हं. हे आता कामाचे आहेत."

संध्याकाळी घरी बायकोनं दार उघडलं. बातमी आधीच पोचली होती. भाऊ मुकादम झाल्याचा आनंद चेहऱ्यावर दाखवावा की नाही, हे तिला कळेना, म्हणून ती नवऱ्याच्या पायांकडे बघत म्हणाली, "गरम पाणी काढते. शेका जरा, केवढे सुजलेत!"

"नको," प्रोफेसर म्हणाला. "सुजलेत तोवर जाऊन येतो. जाड मोजे दे."

दुकानदारानं त्याला ओळखलं, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. त्यानं पाय मापला, एक नंबर मोठे बूट काढले, टाचेत बोट घालून पाहिलं. प्रोफेसरनं हातोडी आणली नव्हती आणि तो एक शब्दही बोलला नाही. दुकानदाराला त्याची दया आली.

"सुरुवातीला जरा कडकच लागतील," बूट खोक्यात घालत तो म्हणाला. "घरात कुणी रिकामा माणूस असेल, तर द्या दोन दिवस त्याला घालायला."

"होता एक," प्रोफेसर म्हणाला. "मुकादम झाला."