सर्वानुमताचा डेस्कटॉप

धानोऱ्याकडच्या त्या गावात ग्रामसभेचा नियम साधा होता: हात मोजायचे नाहीत, सगळ्यांचं एक झालं तरच ठराव. त्यामुळे ग्रामसभेच्या कार्यालयात चार माणसं जमलेली असताना तिथल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरसमोर बसून दिव्यानं मोठ्यानं विचारायलाच नको होतं.

"कोणता डेस्कटॉप घेऊ?"

सोमवारी तिचं गडचिरोलीला लिनक्सचं, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीचं, प्रशिक्षण होतं. सरावासाठी ती कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, नुसता भासाचा कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन करून त्यात लिनक्स बसवत होती. पडद्यावर डेस्कटॉपची, म्हणजे लिनक्सचा पडदा कसा दिसावा याच्या नमुन्यांची, यादी आली आणि ती अडली.

तिनं जमलेल्यांना मोबाइलवर त्यांची चित्रं दाखवली. सुकरीबाईंना मोठ्या चित्रांचा आवडला. इसरूभाऊंना जुन्यासारखा दिसणारा हवा होता, पोचूला हलका. ठरावाची वही सांभाळणारे मुखरूभाऊ सुपारी कातरत होते.

"एकच घ्या लागते," दिव्या म्हणाली.

"अन् बाकीच्यायचं मन मोडाचं? सगळेच घे ना!" सुकरीबाई म्हणाल्या.

यंत्राची हरकत नव्हती. दिव्यानं झाडून सगळ्यांवर खुणा केल्या. अर्ध्या तासानं पडदा लाल झाला: डिस्क भरली, काम थांबलं.

इसरूभाऊ ताडकन उठले. "आपला जंगलाचा नकाशा कुठी हाय वं?"

चार महिने सारं गाव रानात पायी फिरलं, तेव्हा वनहक्काचा तो नकाशा झाला होता. तो याच कॉम्प्युटरवर होता आणि दुसरी प्रत काढू काढू म्हणत राहून गेली होती. त्यात पडदाभर लाल, बाहेर पडायचं बटण आठवेना. तिनं चामोर्शीच्या रईसभाईला फोन लावला. कॉम्प्युटर त्यानंच बसवून दिला होता.

"घाबरून काऊन राह्यली? उजवा कंट्रोल धर अन् एफ दाब."

लाल पडदा आक्रसून लहानशी खिडकी झाला. मागे ओळखीचा पडदा, कोपऱ्यात नकाशा. तिनं उघडून पाहिला. नाला जागेवर, पहाडी जागेवर.

"भरली थे आतली खोटी डिस्क," रईसभाई हसला.

"म्हंजे भातुकलीतली चूल फुटली, घरची नाई!" सुकरीबाई म्हणाल्या आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दिव्याला आधी रडू आलं, मग हसू. तिनं पहिलं काम केलं: नकाशा पेनड्राइव्हवर घेऊन मुखरूभाऊंच्या हाती दिला.

तो कमरेला खोचत मुखरूभाऊ पहिल्यांदाच बोलले, "हे चालवणार कोण?"

"मी."

"मंग तुले पाह्यजे थो घे. काय जी, मंजूर?"

मंजूर झालं. दिव्यानं पुन्हा सुरुवात केली आणि यादीतला शेवटचा, कोणीच न मागितलेला डेस्कटॉप घेतला.

"माह्यावाला घेतला नं?" सुकरीबाईंनी हळूच विचारलं.

"हो बाई."

"अन् माह्यावाला?" इसरूभाऊ.

"हो भाऊ."

मुखरूभाऊंनी वही ओढली आणि लिहिलं: सर्वानुमते.